दीड मिलिमीटर

गोठिवलीचा निकेत म्हात्रे
क्रँक घेऊन आला खांद्यावर,
जत्रेतून बोकड आणल्यासारखा.
म्हणाला, मामा, कॉन्टेसाचा हाय.
बापाची गारी. इकाची नाय.
फक्त जरा जास्त पलाली पायजे.

जास्त पळणं म्हणजे काय
ते मी रबाळ्याच्या शेडमध्ये
फरशीवर खडूनं काढून दाखवलं.
पिस्टन वर जातो, खाली येतो,
ब्याऐंशी मिलिमीटर, एवढीच त्याची वाट.
तिची पंच्याऐंशी करायची
तर पिनचं केंद्र दीड मिलिमीटर बाहेर सरकवायचं.
त्यासाठी नवं लोखंड कुणी देत नाही.
आहे तेच घासायचं,
आतल्या अंगानं तीन, बाहेरच्या अंगानं जवळजवळ काही नाही.
पिन बारीक होते, फेरा मोठा होतो.

आमचे जमिनीसारका, तो म्हणाला.
मी खडू खिशात ठेवला.

रॉकेल लावून पुसलं, वर खडूची पूड भुरभुरली,
आणि पंख्याखाली बसून राहिलो दोघं.
अर्ध्या तासानं तिसऱ्या जर्नलच्या खांद्यावर
एक ओली रेघ उमटली, केसाएवढी.
झालं. हा क्रँक गेला.
निकेत बराच वेळ बाहेर मोटारसायकलवर बसून होता,
चावी न लावता.

दुसरा सापडायला गणपती गेले, दिवाळी गेली.

माझं ग्राइंडर कंपनीच्या लिलावातलं.
एकोणीस वर्षं त्याच्यासमोर उभा होतो पगारावर,
मग कंपनी मिटली, जे हातात पडलं त्यातून
तेच उचलून आणलं टेम्पोत.
पोटावर अजून पिवळ्या रंगात जी-सात लिहिलेलं आहे.
हसुराम म्हात्रेनं त्याच सुमारास
भाताच्या पैशांतली, म्हणजे भात जाऊन आलेल्या पैशांतली,
पांढरी गाडी घेतली होती. रोख.
पुढे तिच्या मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या.

चाक आधी पिनच्या एकाच गालाला लागतं.
सुर्र, थांब. सुर्र, थांब.
फेऱ्यातून एकदाच.
तुम्ही हाताला घाई शिकवली असेल तर इथं विसरा,
दोन शतांश, परत दोन शतांश,
दुधाळ पाण्याचा आंबूस वास, डायलचा काटा,
थांबा आखूड होत जातात,
आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी
सगळी सुर्र मिळून एक लांब सूर होतो.
तो लागला की मी इरफानला चहा सांगतो.

ब्लॉकला कानशीचे चार घास द्यावे लागले,
रॉडचे बोल्ट अडत होते.
पिस्टन नवे, पिनेचं भोक वर घेतलेले.
आणि माझ्या नातीची मागून आणलेली हिरवी माती
पिस्टनच्या डोक्यावर थापली,
हेड चढवलं, हातानं दोन फेरे फिरवलं, उतरवलं.
मातीत व्हॉल्व्हची कोर उमटली होती, चतुर्थीच्या चंद्राएवढी.
ब्लेडनं कापून पाहिलं. तांदळाचा दाणा आडवा मावेल
एवढी जागा उरली होती.
पुरे. वाचते तेवढ्यात.

गाडी सुरू झाली ती रात्री एकला.
पत्रे हलले. समोरच्या शेडचा कुत्रा उठला आणि
कुठे पळावं ते न कळून तिथेच परत बसला.
मी बजावलं, पहिले हजार किलोमीटर
तीन हजार फेऱ्यांच्या वर न्यायची नाही.
निकेतचा चेहरा पडला. हसुराम हसला.
मंग मीच चालवतू, म्हणाला.

ठाणे-बेलापूर रस्ता मोकळा होता.
दोन्ही बाजूंना काचा, काचांत दिवे.
चौथ्या गिअरला चाळीसवरून तिनं अशी ओढ घेतली
की मागे इरफान अरे अरे म्हणाला.
आणि एका ठिकाणी म्हाताऱ्यानं ब्रेक दाबला.
गतिरोधक नव्हता. कुणी आडवं आलं नव्हतं.
काय झाला? निकेतनं विचारलं.
काय नाय.
बांधावरून उतरवावी तशी पुढची चाकं
अगदी सावकाश नेली त्यानं,
मग मागची.

मी खिडकीबाहेर न बघता कान लावून होतो.
उद्या घेऊन या, म्हटलं,
तिसऱ्या सिलिंडरचा टॅपेट बोलतोय.